लाइन गेल्यावरचा शेवट

परवा फोनवर तुम्ही दोघंही मला हसलात. धाकटीचा खोकला आठवडाभर जात नाही, असं तुमची आई म्हणाली आणि मी नेहमीचं उत्तर दिलं, "मला माहीत नाही गं. डॉक्टरांना दाखवा." मागून थोरल्याचा आवाज आला, "लागली आजीची टेप!" हसण्यासारखंच आहे ते. जिच्या कपाटात रोगांच्या तीन वह्या आहेत, ती आजी साध्या खोकल्यावरसुद्धा काही बोलायला तयार होत नाही. याचं कारण तुमच्या आईलाही ठाऊक नाही. तुमच्या आजोबांना ठाऊक होतं, आणि ते आता नाहीत. तेव्हा मीच लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा बाभुळगावला राहत होतो. आजोबा तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते, मी शाळेतून. मी इंग्रजी शिकवायची. माझ्या वडिलांनी मला लहानपणी नागपूरला इंग्रजी शाळेत घातलं होतं, त्यामुळे बाभुळगावात माझ्या इंग्रजीचा जरा बोलबाला होता. बँकेचं पत्र आलं, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं, की लोक माझ्याकडे येत.

घरात केबल आली आणि मला एका परदेशी मालिकेचा नाद लागला. सगळी गोष्ट एका दवाखान्यात घडायची. दर भागात एक रोगी यायचा, डॉक्टर दोनदा चुकायचे आणि तिसऱ्यांदा त्यांना रोग सापडायचा. मालिका रात्री लागायची, पण आजोबा नऊला झोपत, म्हणून मी ती कधीच रात्री पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तोच भाग पुन्हा दाखवत, तो मी बघायची. वहीत पाच रकाने आखले होते: रोग्याचं वय, लक्षणं, आधी काय वाटलं, खरं काय निघालं, आणि शेवट. मेंदूत जंतांची अंडी, रंगातून पोटात गेलेलं शिसं, शरीरात साठणारं तांबं, असे एकेक रोग मी शाळेतल्या हजेरीसारखे नीट लिहून ठेवायची.

हळूहळू दुपारी बायका जमू लागल्या. शेजारच्या वहिनी यायच्या आणि आमच्याकडे धुणीभांडी करणारी, तुम्ही जिला तांड्यावरची मावशी म्हणायचात, ती भांडी झाली की पदराला हात पुसत दारापाशी बसायची. गावापासून चारेक किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथून ती पायी यायची. पडद्यावरचे डॉक्टर इंग्रजीत भांडत आणि मी ते मराठीत सांगत जाई.

"हे काय म्हणून राह्यले, बाई?" मावशी विचारायची.

"त्या माणसाचं यकृत खराब झालंय म्हणतात. दारूनं."

"येवढे शिकले अन् येवढंच समजलं त्याइले? आमच्या तांड्यावर लहान पोट्टंबी सांगन."

वहिनी हसून लोटपोट व्हायच्या.

ती वर्षं कापसाची वाईट होती. भाव पडलेला, खरेदी केंद्रासमोर बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगा, आणि उद्या-परवा भाव चढेल या आशेवर लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला. वहिनींच्या माहेरची शेती होती. त्यांच्या भावानं जागा नाही म्हणून थोडा कापूस वहिनींच्या मधल्या खोलीत आणून टाकला. पंधरा दिवसांत वहिनींच्या दंडावर, मानेवर लाल पुरळ उठलं. मी चष्मा लावला, वही काढली आणि त्यांना चार रोग वाचून दाखवले. त्यातला एक तर रक्ताचा होता. वहिनींचा चेहरा उतरला.

मावशीनं लांबूनच पाहिलं. "कापसाची खाज हाय थे. घरात गंजी लावली का होतेच. आमच्या घरी समदे खाजवून राह्यले. कडुनिंबाच्या पाल्यानं आंघोळ करा, अन् थो कापूस इका एकदाचा."

वहिनी मला आठवडाभर 'डॉक्टरीण बाई' म्हणून चिडवत होत्या. तेव्हाच मी शहाणी व्हायला हवी होती.

आता विजेचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. भारनियमन होतं. कधी सव्वादोनला लाइन जायची, कधी पावणेतीनला, त्यामुळे मालिकेचा शेवट पुष्कळदा हाती लागतच नसे. पडदा काळा झाला की वहिनी आणि मावशी दोघी माझ्याकडे वळून विचारायच्या, "मंग काय झालं?" पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी नुसता अंदाज सांगितला, "बरा झाला असेल." मावशी समाधानानं उठली. जाता जाता वहिनींना म्हणाली, "बाईनं रातीच पाह्यलं असन नं." मी ते ऐकलं आणि काही बोलले नाही. इतकंच. मी खोटं बोलले नाही, फक्त तिची समजूत खोडली नाही. पुढे लाइन गेली की मी शेवट सांगू लागले, आणि माझ्या शेवटात कोणी मरत नसे. उन्हातून चार किलोमीटर चालत आलेल्या बाईला मेलेला माणूस घेऊन परत पाठवायचं मला जमत नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण ते शेवट मी वहीतही लिहायची. रकाना रिकामा राहिलेला मला बघवत नसे.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मावशी आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी राळेगावकडे दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठवा महिना होता. मी तिला पाट दिला, पण खाली बसवेना म्हणून खुर्ची दिली. पायातली जोडवी बोटांत रुतली होती. ते मी पाहिलं. चालून आली म्हणून पाय सुजले असतील, असं मनाशी म्हटलं आणि सोडून दिलं.

त्या दिवशीची रोगी नेमकी गरोदर बाई निघाली. मोठी वकील. कोर्टाच्या पायऱ्यांवर चालता चालता कोसळते. पाय सुजलेले, डोकं फुटेल असं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. एक डॉक्टर म्हणाला अर्धशिशी, दुसरा म्हणाला मूत्रपिंड. मी सगळं सांगत होते. मुलगी टक लावून पाहत होती. डॉक्टर फळ्यावर काहीतरी लिहायला उठला आणि लाइन गेली.

पंखा गरगरत थांबला. मग मुलीनंच विचारलं, "मंग त्या बाईचं काय झालं?"

दोन जिवाच्या बाईसमोर वाईट बोलू नये, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. मी म्हटलं, "काही नाही गं. दगदग झाली होती तिला. डॉक्टरांनी पाय उशीवर ठेवून निजायला सांगितलं, लिंबूपाणी दिलं. आठ दिवसांत बरी झाली. छान मुलगी झाली."

"दगदगच असते," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं: विश्रांती, लिंबूपाणी, बरी.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी मावशीनं दोन दिवस खाडा केला. तिसऱ्या दिवशी आली ती उशिरा, आणि भांडी घासता घासता म्हणाली, "पोरीपाशी बसलती, म्हनून आली नाई. डोकं दुखते म्हनते दोन दिसापासून. डोयापुढं काजवे दिसून राह्यले. डिट्टो तुमच्या टीवीवाल्या बाईवानी."

मी दारात उभी होते. "आणि मग?"

"मंग काय? तुमी सांगतलं तसंच करून राह्यली. पाय उशीवर ठुले. लिंबूपानी देते, मीठ घालून. तिच्या सासूनं सांगावा धाडला होता दवाखान्यात ने म्हनून, मी म्हनलं कायले? आमच्या बाईनं पाह्यलं हाय, आठ दिसात बरं होते."

हे ती अभिमानानं सांगत होती. हातातलं पातेलं तिनं राखेनं घासून आरशासारखं केलं होतं आणि ते उन्हात धरून बघत होती.

मी आत गेले. आजोबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र कपाटातून काढलं. ते पेपर वाचत होते. मी म्हटलं, "अहो, गाडी बघा. आत्ता. तांड्यावर जायचंय."

"काय झालं?"

"मी काहीतरी करून बसलेय. गाडी बघा आधी."

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, पायात चपला घातल्या आणि बस स्टँडवरून काळीपिवळी जीप घेऊन आले. मावशी ओल्या हातांनीच बसली. "येवढी घाई कायले, बाई?" ती दोनदा विचारत होती. मी म्हटलं, "नुसतं बघून येऊ." अजूनही मी तिला खरं सांगत नव्हते.

घरात अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस रचलेला होता आणि मुलगी त्या कापसावरच चादर टाकून निजली होती. पाय खरंच उशीवर. चेहरा इतका सुजला होता की मी क्षणभर ओळखलं नाही. यंत्राचा पट्टा मी दंडाला बांधला, आकडा पाहिला, सोडला आणि पुन्हा मोजला, कारण आजोबांचा दाब वाढायचा तेव्हासुद्धा काटा इतका वर मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्यांदाही तोच आला.

"उठवा हिला. यवतमाळला न्यायचंय."

"पन तुमी तर म्हनलं होतं..." मावशी म्हणाली.

"मी काय म्हटलं होतं ते विसर आता."

बाभुळगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुलीला गाडीतच तपासलं, एक गोळी दिली, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, इथे वेळ घालवू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा. आम्ही निघालो आणि गावाबाहेर खरेदी केंद्रापाशी अडकलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंड्या उभ्या होत्या. दोन दोन दिवसांपासून थांबलेल्या, बैल सोडून झाडाखाली बांधलेले, माणसं चहाला नाहीतर झोपलेली. मधून जेमतेम एक गाडी जाईल इतकी वाट होती आणि तिथे कापसाचा एक ट्रक आडवा फसला होता. गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं.

मुलगी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून, आईला बंजारा बोलीत हाक मारत कण्हत होती, "याडी, याडी." मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि वहीचं ते पान आठवत होते. पुढे काय होतं, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टर फळ्यावर काय लिहिणार होता, हे त्या तीन आठवड्यांत मी कुठे शोधलंही नव्हतं.

तुमचे आजोबा आयुष्यात कधी ओरडले नाहीत. त्या दिवशी खाली उतरून ओरडले, "अरे, बंड्या सरकवा! पोरीचा जीव जाऊन राह्यला इथं!" पुण्याच्या वळणाचं मराठी बोलणारा हा माणूस वऱ्हाडीत ओरडला.

एक म्हातारा बंडीवरूनच म्हणाला, "नंबर जाईन नं साहेब. परवापासून उभा हाओ."

दुसऱ्यानं त्याला झापलं, "नंबर कोन खाते तुहा? उतर खाली!" मग आणखी पाच-सात जण आले. बैलांशिवायच्या भरल्या बंड्या त्यांनी जू खांद्यावर घेऊन आणि चाकांना हात लावून खालच्या बांधावर लोटल्या. एक बंडी कलंडली, कापूस मातीत सांडला, कोणी शिवी दिली, पण ट्रकच्या बाजूनं वाट झाली. त्या सांडलेल्या कापसावरूनच आमची गाडी गेली. म्हातारा मागे उभा राहून पाहत होता. त्याचा नंबर राहिला की गेला, मला कधी कळलं नाही.

यवतमाळ जवळ आलं तेव्हा मुलीला आकडी आली. अंग ताठ झालं, डोळे वर गेले. मावशीनं किंचाळून चप्पल काढली, नाकाला लावायला. मी ती तिच्या हातातून घेतली आणि मुलीला कुशीवर वळवलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे मला त्याच मालिकेनं शिकवलं होतं. एवढं मात्र खरं सांगते.

मोठ्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. बाहेर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मावशीला विचारलं, "सूज कधीपासून आहे? दाखवलं का नाही कुठे?"

मावशी रडत रडत म्हणाली, "बाईनं सांगतलं होतं, पाय वर ठुवा, लिंबूपानी द्या म्हनून. थेच करून राह्यली होती."

"कोणत्या बाई?"

मावशी गप्प झाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला वाचवायला गप्प झाली होती.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही नर्स आहात?"

"नाही. मी इंग्रजी शिकवायची."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोट फाडून मूल काढलं. मुलगी झाली, तळहाताएवढी, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आई जगेल की नाही, हे सकाळपर्यंत कोणी सांगेना. मी आणि मावशी बाकावर बसलो होतो. तेव्हा मी तिला सांगितलं. मी रात्री मालिका पाहत नाही, कधीच पाहिली नाही, लाइन गेल्यावरचे सगळे शेवट मी रचलेले होते, हे सगळं.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "समदे?"

"सगळे."

"थो तांब्याचा रोगवाला पोट्टा?"

"तोही."

"मंग टीवीवाली बाई खरंच जगली का मेली?"

"मला माहीत नाही."

ती उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. आजोबांनी चहा आणला, तिनं माझ्या हातून घेतला नाही, त्यांच्या हातून घेतला.

सकाळी मावशीची लेक शुद्धीवर आली. वॉर्डात ट्यूबलाइट जळत होत्या, खिडकीतून ऊन आलं होतं. तिनं डोळे उघडले, इकडे तिकडे फिरवले आणि म्हणाली, "याडी, लाइन गेली का?"

मावशीनं तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. डोळे हलले नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारात कधी कधी असं होतं, बहुतेक वेळा नजर परत येते. मी विचारलं, "बहुतेक म्हणजे?" त्या म्हणाल्या, "थांबावं लागेल." असं उत्तर मी कुणाला कधी दिलं नव्हतं. ते ऐकणाऱ्याला किती जड जातं, ते तिथे कळलं, आणि तरी ते खरं होतं.

आम्ही थांबलो. मी रोज बसनं यवतमाळला जायची, डबा न्यायची. मावशी डबा घ्यायची, बोलायची नाही. पहिल्या दिवशी मुलीला फक्त उजेड-अंधार कळत होता. दुसऱ्या दिवशी खिडकी कुठे आहे ते सांगता आलं. तिसऱ्या दिवशी मी दारातून आत आले तेव्हा ती माझ्याकडे बोट करून आईला म्हणाली, "बाईच्या साडीले काठ हिरवा हाय." मी तिथेच खाली बसले. मावशीनं मला उठवलं नाही, पण पाण्याचा गडवा पुढे सरकवला.

सव्वा महिना झाल्यावर मायलेकी बाळाला घेऊन घरी आल्या. बाळ अजून मांजराच्या पिल्लाएवढंच होतं. मी बाळाच्या हातात चांदीचं कडं घातलं, ते फारच मोठं झालं. दोन वाजले होते, वहिनींनी सवयीनं टीव्ही लावला. कुणाला तरी श्वास लागला होता, डॉक्टर धावत होते. मी सांगत होते. अडीचला लाइन गेली.

"मंग काय झालं?" वहिनींनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "बाईले मालूम नाई." आणि मग माझ्याकडे वळून, "का हो बाई, खरं हाय नं?"

"खरं आहे," मी म्हटलं. "मला माहीत नाही."

"मंग ज्याले श्वास लागते, त्यानं काय कराव?"

"दवाखान्यात जावं."

"हां," मावशी म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.

त्या संध्याकाळी मी वही काढली. गरोदर बाईच्या ओळीत 'विश्रांती, लिंबूपाणी, बरी' यावर रेघ मारली आणि शेवटच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं. मग मागची सगळी पानं काढून जिथे जिथे शेवट मी रचला होता, तिथे तिथे तेच लिहिलं. दोन दिवस लागले. त्या टीव्हीवरच्या बाईचं पुढे काय झालं, ते मी आजही शोधलेलं नाही. तुम्ही फोनवर क्षणात शोधून द्याल. देऊ नका.

धाकटीला डॉक्टरांना दाखवलंत का?